गाइड फुगला त्या दिवशी

"ताई, तुमचा गाइड फुगलाय बघा."

जुलैची झड लागलेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपचे फोरमन काका भिजतच उद्यमनगरातल्या आमच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या गाळ्यात आले. गाइड म्हणजे मशीनच्या भोकात सरकणारा भाग. 40 मिलिमीटर व्यासाचा नायलॉनचा तो गाइड मी एप्रिलमध्ये छापून दिला होता. तेव्हा भोकात अलगद सरकायचा, आता ठोकून काढावा लागला. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला, तर व्यास पाव मिलिमीटरने वाढलेला. देताना वजन 62 ग्रॅम होतं, आता 63.5. हा दीड ग्रॅम म्हणजे हवेतून प्यालेलं पाणी!

चूक माझीच. नायलॉनच्या रेणूसाखळीत ठरावीक अंतरावर अमाइड गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. पाणी साखळ्यांच्या मधे शिरतं, त्यांना दूर सारतं, छापलेला भाग फुगतो. कोल्हापूरचा पावसाळा धरून मी फुगण्यापुरती जागा मापात सोडायला हवी होती.

काकांनी सगळं नीट ऐकलं. मग खांद्यावरच्या घोंगड्यात अडकलेलं, गेल्या हिवाळ्यातलं गवताचं एक कुसळ उपसून माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्येच्यावर पाणी टाका."

एक थेंब सोडला. दोरीसारखा पीळ पडलेली ती काडी हळूहळू उलगडायला लागली. टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरत होतं, त्वचेला चक्क जाणवत होतं. "अशानंच बी मातीत घुसतंय," काका म्हणाले. कुसळाच्या पेशींत सेल्युलोजचे धागे तिरके गुंडाळलेले असतात, म्हणून ओल मिळाली की ते नुसतं फुगत नाही, फिरतं.

हार्वर्डच्या संशोधकांनी 2016 मध्ये हेच छापून दाखवलं होतं. पाणी शोषणाऱ्या जेलमध्ये सेल्युलोजचे सूक्ष्म धागे मिसळले. प्रिंटरचं नोझल ज्या दिशेने जाईल त्या दिशेने धागे रचले जातात. जेल धाग्यांच्या लांबीत कमी फुगतं, आडवं जास्त. त्यामुळे सपाट छापलेलं फूल पाण्यात टाकल्यावर आपोआप वळून ऑर्किडसारखं झालं. मी ते वाचलं होतं, पण खरं समजलं ते हातावरचं कुसळ फिरलं तेव्हा.

काकांना नवा गाइड ॲसिटाल या प्लास्टिकचा करून दिला, ते पाणी फारच कमी पितं. फुगलेला गाइड दोन रात्री 80 अंशांवर वाळवला आणि खिडकीत ठेवला. दर सोमवारी वजन करते. कालचं: 62.4.