तुम्ही विचारलंत म्हणून: ग्लोव्हज घालतोच ना, मग कृत्रिम नखं लावली तर बिघडलं कुठे?

हॉस्पिटलमध्ये इन्फेक्शन कंट्रोलचं, म्हणजे संसर्ग पसरू नये हे बघायचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी नुकत्याच ड्यूटीवर रुजू झालेल्या असतात, आणि कमालीच्या नीटनेटक्या असतात. तुमच्या स्वच्छतेवर माझा संशय नाही, हे आधीच सांगते. अडचण वेगळीच आहे. हात कितीही धुतले तरी लावलेल्या नखांखालची जागा स्वच्छ होत नाही.

हातावर सगळ्यात जास्त जंतू नखाखाली असतात, अगदी साध्या, कापलेल्या नखाखालीसुद्धा. त्यावर अ‍ॅक्रिलिकचं (एका प्रकारच्या प्लॅस्टिकचं) नख चढवलं की पुढे काय होतं बघा. मूळ नख वाढत राहतं, चिकटवलेला थर कडेला किंचित सुटतो. ही फट इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसणार नाही, पण पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं. स्यूडोमोनास नावाच्या जंतूला अशी ओल फार मानवते. वरचं नख काढल्यावर कधीकधी खाली शेवाळासारखा हिरवट डाग निघतो, तो ह्याच जंतूच्या रंगाचा. बऱ्याचदा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे पत्ता लागत नाही. धडधाकट माणसाचं त्याने सहसा फारसं बिघडत नाही. पण तेच बोट पुढे रुग्णाच्या सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला लागतं, व्हेंटिलेटरच्या नळीला लागतं.

हँडरब, म्हणजे हातांचं जंतुनाशक, चोळताना बोटांची टोकं तळहातावर गोल फिरवतो, ती पायरी आठवा. नख लांब असलं की तळहाताला नखाचं टोक टेकतं, बोटाचं नाही. ट्रेनिंगमध्ये आम्ही चमकणारं लोशन हाताला चोळायला देतो, हात धुवायला लावतो आणि मग जांभळ्या दिव्याखाली धरायला सांगतो. तळवे, मनगटं स्वच्छ निघालेली असतात, आणि नखांच्या कडेकडेने लख्ख रेघ उरलेली असते. माझ्या तासाभराच्या बोलण्याने जे होत नाही, ते ही रेघ करते.

ओक्लाहोमा सिटीतल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात 1997-98 मध्ये स्यूडोमोनासची साथ आली होती. 46 बाळांना हा जंतू लागला, त्यातली 16 गेली. तपासात 104 कर्मचाऱ्यांच्या हातांची तपासणी झाली, तेव्हा तीन नर्सेसच्या हातांवर तो सापडला. त्यांतल्या दोघींच्या संपर्काचा आणि संसर्गाचा संबंध आकडेवारीत दिसला. लांब आणि कृत्रिम नखांनी हातभार लावला असावा, पण ते सिद्ध झालेलं नाही, असं तपास करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. मला तेवढी शंकाही पुरते. काचेच्या पेटीतलं बाळ आपल्याला कोणाचा हात लागावा हे ठरवू शकत नाही.

आता ग्लोव्हज. लांब नखाने ते टोकाशी फाटू शकतात, आणि आतल्या गरम, दमट हवेत जंतू वाढतात. शिवाय ग्लोव्हज काढताना हातांना घाण लागते, म्हणून काढल्यावर हात धुवावेच लागतात. म्हणजे आपण परत नखांपाशीच आलो.

नियम नवे नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने 2002 मध्येच सांगितलं की आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरमधल्यासारख्या जोखमीच्या रुग्णांना हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ते सगळ्याच रुग्णांच्या बाबतीत लागू केलं, आणि स्वतःच्या नखाचं टोकही अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगितलं. हे नियम नर्सेसना जितका आवाज चढवून सांगतात, तितका चढवून डॉक्टरांना सांगत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे. हात लावणारा प्रत्येक जण ह्यात येतो.

साधं नेलपॉलिश? ताजं, अखंड असेल तर त्याचा फारसा दोष दिसलेला नाही. टवके उडालेलं मात्र नको, आणि ऑपरेशनला स्क्रब होणार (हात खास धुऊन ऑपरेशनमध्ये भाग घेणार) असाल तर कुठलंच नको. जेल पॉलिशबद्दल तुमच्या हॉस्पिटलचा नियम बघा. माझं मत विचाराल तर नकोच, कारण ते आठवडेच्या आठवडे तसंच राहतं आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

आणि नखं लावलेली आहेत, उद्या ड्यूटी आहे, असं असेल तर घरी ओरबाडून काढू नका. त्याबरोबर मूळ नखाचे पापुद्रे निघतात आणि बोट आणखी उघडं पडतं. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून, नीट सोडवून घ्या. तोवर इनचार्जना सांगून रुग्णांना हात लावायचं काम टाळा. नखाभोवती लाली, खाज किंवा सूज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. ह्या नखांतल्या अ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, आणि त्याच जातीची रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि कृत्रिम सांधे बसवताना वापरायच्या हाडांच्या सिमेंटमध्ये असतात. डेंटल किंवा ऑर्थोपेडिक विभागात काम करणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्या.