पाच डुलक्या

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या निद्राविकार विभागात मी तंत्रज्ञ म्हणून काम करते. आमच्याकडे येणारे बहुतेक जण घोरण्याच्या किंवा झोपेत श्वास अडकण्याच्या तक्रारी घेऊन येतात. दिवसाची झोप मोजून घ्यायला येणारा रुग्ण क्वचितच असतो. त्यामुळे साताऱ्याकडचा तो 19 वर्षांचा मुलगा आणि एसटीत चालक असलेले त्याचे वडील लक्षात राहिले. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

आदल्या रात्री त्याच्या डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड लावताना तो दोनदा बसल्या जागी पेंगला. रात्रभर मोबाइल चालत असणार, असा माझा मनातल्या मनात निष्कर्ष झाला होता, हे कबूल करायला हवे. वडिलांचेही मत फारसे निराळे नव्हते. "ताई, मी डोळ्यांवर पाणी मारून रात्रीची गाडी आणतो. ह्याला दिवसाढवळ्या वर्गात बसवत नाही." शिवाय दोन वर्षांपासून त्याला 'फिट' येत असे आणि त्यासाठी गोळ्या चालू होत्या, जरी मेंदूच्या आलेखात काही दोष सापडलेला नव्हता. पहाटे जाग आल्यावर अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते, अशीही त्याची तक्रार होती. घरच्यांनी त्यावर मुंजाचा उतारा काढला होता.

रात्रीची नोंद संपवून त्याला साडेसहाला उठवले. त्यानंतर दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत झोपण्याची एक संधी, अशा पाच संधी द्यायच्या असतात. दिवे मालवल्यावर 20 मिनिटांत झोप लागली नाही, तर ती फेरी तिथेच संपते; लागली, तर आणखी 15 मिनिटे झोपू द्यायचे. साडेआठच्या फेरीत मी दिवे मालवून पडद्यासमोर येऊन बसते न बसते, तोच दोन मिनिटांत त्याला झोप लागली आणि त्यानंतर थोड्याच वेळात हनुवटीच्या स्नायूंची रेघ एकदम सपाट झाली, तर डोळ्यांच्या दोन रेघा एकमेकींच्या उलट उसळू लागल्या. ही स्वप्नांची झोप. निरोगी माणसाला तिथे पोहोचायला साधारण दीड तास लागतो.

दोन फेऱ्यांच्या मध्ये रुग्णाला जागे ठेवणे हे माझे काम असते. दुसऱ्या फेरीनंतर मी बापलेकांना मार्गिकेत फिरायला सांगितले. वडील त्याला एका प्रवाशाची गोष्ट सांगत होते: पिशवीतला कोंबडा खंबाटकी घाटात आरवला आणि कंडक्टरने अर्धे तिकीट फाडायचा हट्ट धरला. मुलगा मनापासून हसला आणि हसता हसताच त्याचा जबडा सैल पडला, मान पुढे कलली, गुडघे दुमडले आणि तो भिंतीला घासत खाली बसला. "आली बघा फिट," वडील म्हणाले. "डोकं धरा," मी ओरडले. समोरच्याच खोलीतून आमचे डॉक्टर हातोडी घेऊन आले. झटके नव्हते, श्वास संथ होता. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, तर पाय जरासुद्धा हलला नाही. मिनिटभराने मुलाने मान उचलली. त्यांनी पुन्हा हातोडी मारली आणि पाय टाणकन उडाला.

"काही ऐकू येत होतं का?" डॉक्टरांनी विचारले.

"सगळं. बाबा म्हणाले 'आली फिट', ह्या म्हणाल्या 'डोकं धरा'."

वडील काही वेळ गप्प राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मग गणपतीत आत्या बोलली ते?"

"ते पण."

आत्या काय बोलली होती ते मी विचारले नाही. दोन वर्षे हा मुलगा असा पडला, की त्याच्या अंगावरून लोक निर्धास्तपणे बोलत होते आणि तो शुद्धीवर होता, एवढे मला पुरेसे होते.

झोप लागायला घेतलेल्या वेळेची पाच फेऱ्यांतली सरासरी सव्वादोन मिनिटे निघाली. आठ किंवा त्याहून कमी आली तरी शंका घेतात. चार फेऱ्यांत स्वप्नांची झोप लगेच आली होती. निदानाला दोन पुरतात. डॉक्टरांनी नार्कोलेप्सी हे नाव सांगितले. 1880 साली जेलिनो या फ्रेंच डॉक्टराने ते दिले. मात्र जागेपण टिकवणारे ओरेक्सिन हे रसायन 1998 मध्ये सापडले, आणि अशा रुग्णांच्या मेंदूत ते बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात हे त्यानंतर कळले. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल पडतात, एरवी ते योग्यच. याच्या बाबतीत तो सैलपणा हसू आले की जागेपणीच उतरतो आणि पहाटे जाग आल्यावरही रेंगाळतो. मुंजाचा उलगडा तेवढाच.

पेशी परत येत नाहीत, त्यामुळे औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतील आणि झोप आटोक्यात आल्याची खात्री होईपर्यंत गाडी चालवायची नाही, हे ऐकताना वडिलांचा चेहरा उतरला. लायसन्सचा अर्ज आणून ठेवला होता. फिटच्या गोळ्यांचे पुढे काय करायचे तेही डॉक्टरांनी लिहून दिले. कॉलेजला देण्याच्या पत्रात दुपारी ठरलेल्या वेळी 20 मिनिटे झोपण्याची मुभा मागितली होती. वडिलांनी ते पत्र दोनदा वाचले.

"वीस मिनिटं? जेवणाला गाडी थांबते तेवढीच की," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या मोबाइलमध्ये दुपारी एकचा गजर लावला.