बेस अंपायरिंगचा सराव: धडका, ऑब्स्ट्रक्शन आणि डावा हात

स्ट्राइक झोन (बॉल ज्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक धरायचा ती) आता बऱ्यापैकी डोळ्यांत बसलाय, म्हणून सध्या क्लबच्या सॉफ्टबॉल सराव सामन्यांत बेस अंपायर म्हणून उभा राहतोय. विषय एकच: रनर आणि फील्डरची टक्कर.

धडक झाली की दोन्हीकडून आरडाओरडा. 'तिने अडवलं!' 'हिने ढकललं!' कोण कोणावर आदळलं ते मी शेवटी बघतो. आधी बॉल कुठे आहे ते. मारलेला बॉल उचलायला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फील्डर) वाकली असेल तर वाट तिची, वळसा रनरने घालायचा. धडकली तर इंटरफिअरन्स: बॉल तिथेच डेड म्हणजे खेळ थांबला, रनर आउट. पण थ्रो अजून हवेत आहे आणि फील्डर रनरच्या वाटेत उभी, तर ऑब्स्ट्रक्शन. 'बॉल येतच होता की' हा बचाव पूर्वी चालायचा, आता नाही. रिकाम्या ग्लोव्हने टॅगचं (रनरला बॉल लावून आउट करण्याचं) नाटक केलं तरी ऑब्स्ट्रक्शनच, अंगाला अंग लागायची गरज नाही.

खरा सराव लागतोय तो डाव्या हाताला. मूठ आवळून हात आडवा धरायचा, तोंडाने 'ऑब्स्ट्रक्शन' म्हणायचं आणि खेळ चालू ठेवायचा.

त्याहून अवघड म्हणजे अडवलेल्या रनरला बेस कोणता द्यायचा. समजा, फर्स्ट बेसवाली बॉल बघत वाटेतच उभी राहिली आणि बॅटर-रनर (बॉल मारून धावणारी) वळताना अडखळली. फर्स्ट आणि सेकंडच्या मध्ये तिला टॅग केलं तरी ती आउट नाही. मात्र ती सेकंडपर्यंतच पोचली असती असं माझं मत असेल आणि ती थर्डकडे धावत सुटली, तर पुढची जोखीम तिची. म्हणून हात वर जातानाच मी मनात बेस ठरवून ठेवतो. नंतर कोच विचारायला येतात तेव्हा आवाज डळमळत नाही.

होम प्लेटवर, म्हणजे रन पूर्ण होतो तिथे, वाद जास्त, नियम मात्र सरळ. कॅचरच्या हातात बॉल असताना उभ्या-उभ्या मुद्दाम आदळलात तर आउट, फारच दांडगाई असेल तर मैदानाबाहेर. स्लाइड सक्तीची नाही, हे पालकांना दर वेळी सांगावं लागतं. बेसबॉलच्या मेजर लीगला होमवरच्या टकरींसाठी वेगळा नियम करायला 2014 उजाडलं. कॅचर बस्टर पोझीचा पाय 2011 मध्ये अशाच टकरीत मोडला होता. सॉफ्टबॉल याबाबतीत आधीच शहाणा.

आता रनडाउन, म्हणजे दोन बेसच्या मध्ये अडकलेल्या रनरला फील्डर दोन्हीकडून घेरतात तो प्रकार. थ्रो करून झाल्यावर वाटेतून बाजूला न होणारी फील्डर हमखास सापडते, पण तिच्याकडे बघितलं की टॅग हुकतो. दोनच अंपायर असताना तुम्ही नजर कशी वाटून घेता?