बाबुस्याची कुट्या

युक्रेनमधल्या खार्किवला मेडिकलला होते तेव्हा ज्यांच्याकडे रूम घेतली होती त्या आजीला मी बाबुस्या म्हणते, युक्रेनियनमध्ये आजीला तसंच म्हणतात. युद्ध सुरू झाल्यावर मार्च 2022 मध्ये आम्ही मुलंमुली जीव मुठीत धरून निघालो, ती तिथेच राहिली, सून आणि नातीसोबत. मुलगा फ्रंटवर.

2024 च्या 24 डिसेंबरला तिला व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे साडेसात म्हणजे तिथे चार, अंधार पडायला लागलेला. आधी त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला असायचा, 2023 मध्ये कायदा करून 25 डिसेंबर केला. आदल्या संध्याकाळी 12 पदार्थ करतात, एकातही मांस नाही, आणि पहिला मान कुट्याचा. कुट्या म्हणजे शिजवलेले गहू, वाटलेली खसखस, मध, अक्रोड... मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा आमच्या सांगलीची खपली गव्हाची खीर आठवून रडूच आलं होतं. लाइटचा भरवसा नाही म्हणून बाबुस्याने त्या वर्षी खसखस मातीच्या खोलगट भांड्यात लाकडी दांड्याने घोटली, पांढरं दूध सुटेपर्यंत, मनगटाला पट्टा बांधून.

आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं आणि ती शोधायचं काम पोरांचं. पण खिडक्यांना प्लायवुड ठोकलेलं, मग नात आईचा हात धरून खाली जाऊन बघून आली. तिची शाळा मेट्रो स्टेशनात भरते, जमिनीखाली.

टेबलावर एक ताट जास्तीचं असतं, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी, आपण पितरांना पान वाढतो ना तसंच. शेजारीण सहज म्हणाली की मुलाचंही एक मांड, तर बाबुस्या एकदम चिडली. "तो जिवंत आहे, त्याचं ताट तिथे नाही लागणार!" त्याच्या वाटणीची कुट्या तिने काचेच्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून पार्सलसाठी बाजूला ठेवली होती. युद्धात कसले सण करतात हे लोक असं कोणी म्हटलं की मला ती बरणीच दिसते. सण केला नसता तर त्याच्यासाठी काय काढून ठेवलं असतं तिने?

दुसऱ्या दिवशी सकाळी खार्किववर मिसाइल पडली, त्या भागात 5 लाख लोकांचं हीटिंग गेलं. मी मेसेजवर मेसेज टाकत होते. दुपारी तिचा फोटो आला, तिघी कोट घालून टेबलाशी, मध्ये कुट्याचं भांडं. खाली लिहिलं होतं, बरणी आज पार्सलने गेली.