कडेवरचा तिसरा आकडा लागला

मंडळी, ११०! ११६ नाही, ११०. काल रात्री पावणेदोनला दिसला आणि त्यानंतर झोप आली नाही.

मागच्या वेळी कुठे अडकलो होतो ते तुम्हाला आठवत असेलच. पणजोबांच्या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवरचा नंबर, हुद्दा आणि नाव वाचून झालं होतं. पलटणीचा आकडा मात्र ११ वर येऊन थांबायचा. पुढच्या जागी नुसतं काहीतरी गोलसर. त्यामुळे मराठा पलटणींपैकी ११४ आणि ११७ तेव्हाच बाद झाले, पण शून्य की सहा हे काही केल्या ठरेना.

एका आकड्यासाठी एवढं का, असं घरचेही विचारतात. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकमधल्या कुटमध्ये तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने. शेवटी साधारण तेरा हजार माणसं शरण गेली. ११६ त्या वेढ्यात नव्हती. म्हणजे पणजोबा कुटला होते की नव्हते, हे त्या एका गोलावर येऊन ठेपलं होतं.

तो आकडा झिजवला आम्हीच. आजी या मेडलला ‘बिल्ला’ म्हणायची. तो देवघरात असायचा, आणि दर दसऱ्याला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्याबरोबर तोही पूजेला निघायचा. आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून लखलखीत घासला जायचा. पुढची बाजू शाबूत राहिली, कारण राजाच्या तोंडावर जपून हात फिरायचा. कड मात्र अंगठ्याने दाबून घासली गेली, जवळपास शंभर दसरे. ज्यांनी घासलं त्यांनी मायेनेच घासलं, त्यामुळे कुणावर राग काढता येत नाही. पण जीव तुटतो.

आता आकडा कसा लागला ते सांगतो. बटर पेपर आणि मऊ शिसपेन्सिल वापरून ठसा घेतला, त्यात फक्त ओरखडे आले. टाल्कम पावडर भरून पाहिली, ती आकड्यात कमी आणि ओरखड्यांतच जास्त बसली. मग यूएसबी मायक्रोस्कोप मागवला, त्यावर पैसे घालवू नका. त्याच्या भिंगाभोवती दिव्यांचं कडं असतं, उजेड सगळीकडून सारखा पडतो, सावलीच पडत नाही आणि झिजलेलं अक्षर सपाट दिसतं. आपल्याला हवी असते सावली. त्यापेक्षा बोहरी आळीतून आणलेलं घड्याळजींचं दहापट भिंग आणि फोनला लावायची साधी मॅक्रो लेन्स कितीतरी सरस.

शेवटी जमलेली मांडणी अशी: मोठ्या खोडरबराला खाच पाडून त्यात मेडल उभं केलं. खोलीत मिट्ट काळोख. एकच टॉर्च, तिच्या तोंडाला काळा कागद आणि त्यात बारीक चीर, म्हणजे उजेडाची पट्टी कडेला जवळजवळ चिकटून सरकते. फोन स्टँडवर. मेडल जागचं हलवायचं नाही, टॉर्च फिरवायची आणि प्रत्येक जागी एक फोटो घ्यायचा.

एवढं करूनही तीन रात्री तोच गोल समोर. मग लक्षात आलं की नमुना माझ्या हातातच आहे! पणजोबांच्या शिपाई नंबरात एक शून्य आहे आणि एक सहा आहे, दोन्ही स्पष्ट. त्याच कडेवर, त्याच ठशांनी उठवलेले. त्या दोघांचे फोटो त्याच कोनातून काढले आणि झिजलेल्या आकड्यावर अर्धपारदर्शक करून एकेक ठेवून पाहिले. सहाला वरच्या अंगाला उजवीकडे तोंड उघडं असतं. आपल्या आकड्यात तिथे केसाएवढी रेघ आहे, आणि ती थेट खालपर्यंत उतरते. शून्याची भिंत! भिंगातून पाहिली, पुतण्याला उठवून त्याच्याकडूनही खात्री करून घेतली.

हीच ११० पुढे १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १९४४ मध्ये इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे त्याच तिसऱ्या बटालियनचे. हे एक वाक्य मी काल चार वेळा वाचलं.

नुसत्या ११० वरून कुट सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण आत्याच्या ट्रंकेतून जी खाकी चिंधी निघाली तिच्यावर रिबनचे दोन तुकडे आहेत. एक वॉर मेडलचा, मधे नारिंगी. दुसरा लाल-पांढरा-निळा, रंग एकमेकांत विरघळलेले. तो १९१४-१५ स्टार या दुसऱ्या मेडलचा. म्हणजे ३१ डिसेंबर १९१५ च्या आत ते आघाडीवर पोचले होते.

स्टार स्वतः कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. आत्याला एवढंच आठवतं की तिचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, घरातली पालेभाजी स्वतः निवडायचे, एकेक पान उलटून बघायचे आणि रानातला पाला घरात येऊ द्यायचे नाहीत. कुटमध्ये शिपाई मिळेल तो पाला खुडून शिजवत होते. मी आत्याला हे सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुढचा बेत नवीन रिबन लावून फ्रेम करण्याचा होता. रिबन आलीही, पण नारिंगीच्या जागी भडक भगवी. दुकानदाराचं नाव घेत नाही. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं की त्या चिंधीवर दोन तुकड्यांच्या पुढे सुईची भोकं ओळीने आहेत. तिथे तिसरी रिबन होती का, व्हिक्टरी मेडलची? मग फ्रेम राहू दे. आधी चिंधीही टॉर्चखाली घेतो. टाका उसवायचा नाही, धुवायचं तर मुळीच नाही. भोकांमध्ये इंद्रधनुषी रंगाचा एखादा धागा अडकलेला असला तर तेवढाच हवाय.

मेडल सध्या आम्लविरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलंय. पीव्हीसीचे नाण्यांचे अल्बम वापरत असाल तर आजच काढून टाका, धातूवर हिरवट चिकटा धरतो.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली मृतांचा नुसता आकडा आहे. आमच्या चावडीवरची पाटीही तशीच: इतके गेले, इतके परत आले नाहीत. पणजोबा परत आले, पण त्यांचं नाव धातूवर उमटलेलं मी पाहिलं ते या छत्तीस मिलिमीटरच्या मेडलच्या कडेवरच.

आत्याला बिल्ला देवघरात परत हवाय. काल आमचं ठरलं: दसऱ्याला तबकात ठेवायचा, हळदकुंकू कागदावर वाहायचं, आणि राख-चिंच कोयत्यालाच लावायची.