ग्वाडलूप आणि कार्ल्सबाड: आधी डोंगर चढा, मग त्याच्या पोटात उतरा

टेक्सासच्या पश्चिम टोकाला ग्वाडलूप माउंटन्स आणि तिथून पाऊण-एक तासावर, न्यू मेक्सिकोच्या हद्दीत, कार्ल्सबाड कॅव्हर्न्स. डॅलस-ह्यूस्टनकडून लाँग वीकेंडला निघालेल्या आपल्या मंडळींचा बेत बहुधा गुहेचाच असतो. डोंगर गाडीच्या काचेतून बघितला की झालं. पण दोन्ही राष्ट्रीय उद्यानांतला चुनखडक एकाच रीफचा, म्हणजे समुद्रातल्या जीवांनी रचलेल्या भिंतीचा आहे. सुमारे 26 कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्यात स्पंज आणि चुना साठवणाऱ्या शेवाळांनी ही रीफ रचली. म्हणून आम्ही सांगू: आधी डोंगर, दुसऱ्या दिवशी गुहा. उलट केलंत तर गुहेत 750 फूट उतरून दुखावलेले गुडघे घेऊन 3,000 फूट चढावं लागेल.

ग्वाडलूप पीक 8,751 फूट, म्हणजे टेक्सासचं सर्वांत उंच शिखर. वाट सुरू होते त्या पाइन स्प्रिंग्जहून जाऊन-येऊन साधारण साडेआठ मैल, वेळ सहा ते आठ तास. खरा कस पहिल्या दीड मैलातच लागतो. एकामागून एक वळणं, चढ खडा आणि सावली नावालाही नाही. इथे सकाळचं ऊन थेट अंगावर येतं, त्यामुळे उजाडतानाच चालायला लागा. पुढे कड्याच्या बाजूने वाट निघते, मग पाइनच्या झाडांचा गारवा मिळतो. शेवटी शिखर आलंसं वाटतं, पण तो फसवा माथा असतो. खरं शिखर त्याच्या मागे. वर स्टेनलेस स्टीलचा तीन बाजूंचा सुळका आहे, 1958 साली एका विमान कंपनीने उभारलेला. तिथून एल कॅपिटनचा प्रसिद्ध कडा पायांखाली दिसतो.

वाटेत पाणी कुठेच नाही. माणशी चार लिटर पाठीवर घ्या आणि सोबत काहीतरी खारट ठेवा: चिवडा, खारे शेंगदाणे. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात. निम्मं पाणी संपलं की शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिरायचं. पँट पूर्ण लांबीची हवी, कारण वाटेच्या कडेला लेचुगिया नावाचा घायपाताचा भाऊबंद असतो आणि त्याच्या पात्याचं टोक दाभणासारखं पोटरीत घुसतं.

उन्हाइतकाच वारा त्रास देतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत ताशी 80 मैलांचे झोत इथे नवलाचे नाहीत. असा अंदाज असेल त्या दिवशी शिखर सोडा आणि डेव्हिल्स हॉलच्या घळीत जा. गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा, नाहीतर उघडलेलं दार बिजागरीतून उलटं फिरतं. जुलै ते सप्टेंबर दुपारी विजा पडतात, तेव्हा माथ्यावरून दुपारच्या आत खाली. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मॅक्किट्रिक कॅन्यनमधले मेपल लाल होतात. तिथलं फाटक मात्र संध्याकाळच्या आधीच बंद होतं.

उद्यानात पेट्रोल, हॉटेल, जेवण काहीच नाही. टाकी आधीच भरा. तंबूत राहणार असाल तर शेकोटी आणि कोळसा दोन्हींना बंदी. गॅसच्या शेगडीवर पोहे-उपमा होतो. उद्यान माउंटन टाइमने चालतं, पण फोन कधी टेक्सासचा सेंट्रल टाइम दाखवतो. घड्याळ हाताने लावून ठेवा.

दुसऱ्या दिवशी गुहा. कार्ल्सबाडला ठरावीक वेळेचं आरक्षण ऑनलाइन आधीच करावं लागतं. त्याचा एक डॉलर वेगळा, प्रवेश शुल्क वेगळं. नॅचरल एंट्रन्सने, म्हणजे गुहेच्या नैसर्गिक तोंडातून, पायी उतरा: सव्वा मैल, सगळी वळणं, काही ठिकाणी ओली आणि घसरडी. लिफ्टने थेट खाली गेलात तर पोचता लवकर, पण आपण किती खोल आलो ते कळतच नाही. पायी उतरायचं प्रवेशद्वार दुपारीच बंद होतं. वर यायला लिफ्ट आहे, तरी ती चालू आहे ना हे निघण्यापूर्वी बघा. खाली बारा महिने 13 अंश सेल्सियस, म्हणून जॅकेट हवं. आत फक्त साधं पाणी चालतं. दुसऱ्या गुहेत घातलेले बूट-कपडे इथे घालू नका. वटवाघळांना मारणाऱ्या बुरशीचे बीजाणू त्यांवरून पसरतात.

बिग रूम या गुहेतल्या प्रचंड दालनाची फेरी आणखी सव्वा मैलाची. आंध्रातल्या बोरा गुहा पाहिलेल्यांना वाटेल, हेही तसंच. पण तिथे पाण्यातल्या सौम्य कार्बोनिक आम्लाने चुनखडक विरघळला, तर इथे खालच्या तेलसाठ्यांतून वर आलेला हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणवायूयुक्त पाण्याला भेटला आणि सल्फ्युरिक आम्ल तयार झालं. दालनं इतकी प्रचंड आहेत ती त्यामुळे. पुरावा वाटेतच आहे: या आम्लाने चुनखडक खाताना बनलेल्या जिप्समचे पांढरे ढिगारे, आणि त्यांत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने सरळ खाली पाडलेली भोकं. लवणस्तंभांपाशी सगळे थांबतात, या ढिगाऱ्यांकडे मात्र क्वचितच कोणी बघतं. बाहेर वाळवंट झाल्यामुळे बहुतेक स्तंभांची वाढ आता थांबली आहे. हात लावू नका; कातडीचं तेल लागलं की दगड काळवंडतो.

मे अखेर ते ऑक्टोबर असाल तर संध्याकाळी वटवाघळांच्या उड्डाणासाठी थांबा. फोन, कॅमेरा सगळं बंद ठेवावं लागतं, आणि रेंजर यात सूट देत नाहीत. नंतर व्हाइट्स सिटीपर्यंतचे सात मैल वळणाचे, अंधारात हरणं आडवी येतात. पुढे हायवेवर तेलाचे ट्रक. कार्ल्सबाड गावातली हॉटेलं तेलकामगारांमुळे सोमवार ते गुरुवार महाग असतात, खोली शुक्रवार-शनिवारची बघा.