आमची वाटचाल: नट शोधण्यापासून दार मोजण्यापर्यंत

आमची छोटी संस्था नाटकांसाठी पात्रनिवड करते. सुरुवातीला कामाचे स्वरूप सरळ होते. निर्मात्याकडून पात्रांची यादी यायची, तीत 'अंध मुलगी', 'कर्णबधिर भाऊ', 'व्हीलचेअरवरचे काका' अशा भूमिका असायच्या आणि तो अनुभव खरोखर जगणारा कलाकार आम्ही शोधून द्यायचा. आज शोधाशोध हा आमच्या कामाचा लहानसा भाग उरला आहे. बराचसा वेळ संहिता वाचण्यात, जाहिरात लिहिण्यात, दारे मोजण्यात आणि तालमींचे वेळापत्रक आखण्यात जातो. निवडीच्या दिवशी दिग्दर्शकासमोर कोण कोण उभे राहणार हे फार आधी ठरून गेलेले असते. ते जाहिरातीतले शब्द ठरवतात, ऑडिशनच्या जागेचा जिना ठरवतो आणि संहितेची फाइल ठरवते.

संहिता हाती आली की पहिली बैठक दिग्दर्शकाबरोबर होते, आणि त्या बैठकीत कोणत्याही नटाचे नाव काढायचे नाही असा आमचा दंडक आहे. प्रत्येक पात्रासमोर तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची. पात्राचे वय, लिंग, अपंगत्व, समाज, बोली यातले काय काय संहितेत स्पष्ट सांगितले आहे? ते बदलले तर कथानक नेमके कुठे अडते? दुसरे एखादे पात्र त्यावर काही बोलते का? या उत्तरांवरून भूमिका दोन गटांत पडतात. जिचा जीवच त्या अनुभवात आहे, तिच्यासाठी तो अनुभव असलेलाच कलाकार घ्यायचा. बाकीच्या सगळ्यांसाठी खुल्या. हा दुसरा गट दरवेळी दिग्दर्शकाच्या अंदाजापेक्षा मोठा निघतो. डॉक्टर, वकील, शेजारीण, थोरली बहीण यांच्या चालण्याबद्दल किंवा वर्णाबद्दल लेखकाने अवाक्षर काढलेले नसते. न्यायाधीश तर अख्खा प्रवेश बसूनच असतो, तरी व्हीलचेअर वापरणाऱ्या नटाला त्या भूमिकेसाठी कोणी बोलावत नाही!

खुली भूमिका म्हणजे 'आम्हाला फरक दिसतच नाही' असे मात्र नव्हे. अमेरिकेत १९८६ साली सुरू झालेल्या नॉन-ट्रॅडिशनल कास्टिंग प्रोजेक्टने अशा निवडीचे चार प्रकार मांडले होते. प्रत्यक्ष समाजात माणसे ज्या कामांत दिसतात त्या भूमिका त्यांना देणे, अख्खे नाटक दुसऱ्या संस्कृतीत नेणे, नवा अर्थ यावा म्हणून मुद्दाम वेगळ्या ओळखीचा नट घेणे आणि ओळख बाजूला ठेवून केवळ गुणांवर निवडणे. यातल्या शेवटच्या प्रकारावर सर्वांत जास्त वाद झाले. नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी १९९६ साली त्याला जाहीर विरोध केला. कृष्णवर्णीय नटांना गोऱ्यांच्या नाटकांत जागा देण्यापेक्षा कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीला बळ द्या, असा त्यांचा रोख होता. आमचे मत विचाराल तर प्रेक्षक डोळे मिटून बसत नाही, त्यामुळे दिग्दर्शकानेही मिटू नयेत. वडिलांच्या भूमिकेत व्हीलचेअर वापरणारा नट घेतला, तर 'धावत येतो' ही रंगसूचना सहज निभावते, कारण चाके पायांपेक्षा वेगाने येतात. पण 'वरच्या फळीवरचा डबा काढून देतो' ही सूचना आली की प्रसंगाचा अर्थ बदलतो. फळी खाली आणायची, डबा मुलीने काढायचा की वडिलांनी तो मागायचा? यातले प्रत्येक उत्तर नाटक वेगळे करते. हा निर्णय ऑडिशनच्या आधी कागदावर हवा. तालमीत ऐनवेळी घेतला की हटकून डबाच कापला जातो.

मग जाहिरात. 'सर्वांचे स्वागत आहे' एवढ्या ओळीवर नवे कोणीच येत नाही. ज्यांनी आयुष्यभर दारातून परतण्याचा अनुभव घेतला आहे, ते अशा वाक्यावर प्रवासखर्च करत नाहीत. आम्ही जाहिरातीत माहिती देतो, ती अशी: 'ऑडिशनची खोली तळमजल्यावर, पायऱ्या नाहीत, दाराची रुंदी ३४ इंच. व्हीलचेअर वळेल असे स्वच्छतागृह त्याच मजल्यावर. उतारा ७ दिवस आधी मिळेल. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असल्यास या तारखेपर्यंत कळवा, खर्च निर्मात्याचा. सोबत मदतनीस आणता येईल.' खोली वर असेल आणि लिफ्ट नसेल, तर तेही लिहितो आणि दुसरी जागा देतो. पात्राचे वर्णनही तपासून घ्यावे लागते. 'चपळ', 'सुदृढ', 'देखणी' हे शब्द बहुधा सवयीने पडलेले असतात. ते काढले तर संहितेचे काही बिघडत नाही, आणि अर्ज करणाऱ्यांची गर्दी मात्र बदलते.

उताऱ्याची फाइल ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. अंध कलाकार स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, ऐकून पाठ करतात. छापील पानांचा फोटो किंवा स्कॅन पाठवला, तर त्यांना काहीच ऐकू येत नाही. मराठीत आणखी एक खोच आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली संहिता पडद्यावर सुरेख दिसते, पण स्क्रीन रीडर तिच्यातून निरर्थक अक्षरे वाचतो. म्हणून फाइल युनिकोडमध्ये, साध्या मजकुराची, पात्राचे नाव प्रत्येक संवादाआधी स्वतंत्रपणे आणि रंगसूचना कंसात. अल्पदृष्टी असलेल्यांसाठी निदान १८ पॉइंटची छापील प्रत वेगळी काढतो. उतारा आधी देण्याचा फायदा डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) असलेल्या नटालाही होतो. कागद हातात देऊन 'आत्ता वाचा' म्हणण्यातून वाचनाचा वेग कळतो, अभिनय कळत नाही.

कर्णबधिर कलाकारांबरोबरच्या नाटकांत सर्वाधिक गफलती होतात, त्यामुळे तिथे जरा सविस्तर सांगतो. दुभाषी दोन लागतात. साधारण २० ते ३० मिनिटांनी ते पाळी बदलतात, कारण त्यापुढे अचूकता घसरते. दुभाषी बोलणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो, खिडकीकडे पाठ करून नव्हे, नाहीतर हात आणि चेहरा काळोखात जातो. तालमीत एका वेळी एकानेच बोलायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, 'पान बारा उघडा आणि ऐका' असे म्हणायचे नाही. कर्णबधिर नट एकतर पान बघेल नाहीतर दुभाषी. आधी पान उघडू द्या, त्याची मान वर आली की बोला. एवढे पाळले की तालमीतली निम्मी चिडचिड संपते.

दुभाषी म्हणजे भाषांतरकार नव्हे, हेही निर्मात्याला सुरुवातीलाच समजवावे लागते. संवाद सांकेतिक भाषेत नेणे हे वेगळे काम आहे. ते भाषेवर प्रभुत्व असलेल्या कर्णबधिर व्यक्तीकडेच द्यावे, त्याचे मानधन आणि श्रेयनामावलीतले नाव स्वतंत्र असावे. हे भाषांतर तालमींच्या आधी व्हावे, व्हिडिओवर नोंदवावे आणि तालमी मध्यावर आल्या की पक्के करावे. जगभर एकच सांकेतिक भाषा आहे, हा समज अजून टिकून आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोघांची बोलभाषा इंग्रजी, पण त्यांच्या सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. अक्षरेसुद्धा अमेरिकेत एका हाताने करतात, ब्रिटनमध्ये दोन हातांनी. नाटक जिथे घडते तिथली खूण वापरली नाही, तर कर्णबधिर प्रेक्षकाला ते पहिल्या मिनिटातच खटकते.

याचा परिणाम थेट इतर विभागांवर होतो. कंबरेपासून डोक्यापर्यंतची जागा हातांसाठी मोकळी हवी, म्हणून दोन्ही हातांत वस्तू देता येत नाहीत. कपडे एकरंगी, त्वचेपेक्षा वेगळ्या छटेचे. प्रकाशयोजनाकार फक्त बाजूने प्रकाश टाकू लागला की एका हाताची सावली दुसऱ्यावर पडते. थोडा प्रकाश समोरूनही लागतो. एंट्रीसाठी विंगेत छोटे दिवे लावतो. लाल म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे जा. (लाल-हिरव्यात फरक न दिसणारे नट कमी नाहीत, त्यामुळे दिव्यांची जागाही वर-खाली ठरलेली असावी.) मंचावर असताना सहनटाचा स्पर्श, वस्तू ठेवण्याची हालचाल किंवा लाकडी जमिनीवर आपटलेले पाऊल हा क्यू (इशारा) म्हणून चालतो. अशा नाटकाला नेहमीच्या दीडपट तालमी धराव्यात, असे आम्ही अंदाजपत्रकातच लिहून देतो.

अंध कलाकारासाठी मुख्य सूत्र एकच: वस्तू हलता कामा नये. खुर्ची चार इंच सरकली तरी त्याच्या पावलांचा हिशेब चुकतो. पहिल्या तालमीआधी त्याला रिकामा मंच चालून दाखवायचा आणि नेपथ्य हातांनी पाहू द्यायचे. सतरंजीखाली जाड दोरी चिकटवली की पायाला रेघ मिळते. मंचाच्या कडेपासून साधारण ३ फूट अलीकडे खरखरीत पट्टी हवी. अगदी काठावर लावलेली पट्टी उशीर झाल्यावरच सूचना देते. सेट बदलणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवे, कारण गडबड तालमीत होत नाही, मध्यंतरानंतर होते. मंच पुन्हा मांडताना टेबल कुणीतरी अंदाजाने ठेवतो. जमिनीवर चारही पायांच्या खुणा असतील तर हा प्रश्न येत नाही. ब्लॅकआउटमध्ये सर्वांत निर्धास्त चालणारा नट बहुधा हाच असतो.

आता नाट्यगृह. 'आमच्याकडे रॅम्प आहे' या उत्तरावर आम्ही कधीच थांबत नाही. तो रॅम्प बहुतेक वेळा प्रेक्षकांच्या दारात असतो, नाहीतर नेपथ्य चढवण्याच्या दारात, आणि तो उतार सामानासाठी केलेला असतो. माणसासाठी उतार १ः१२ हवा. मंच ३ फूट उंच असेल तर रॅम्प ३६ फूट लांब होतो. एका टप्प्यात ३० इंचांपेक्षा जास्त चढू नये असा दंडक आहे, म्हणजे मध्ये निदान ५ फुटांचा सपाट टप्पाही आला. एवढी लांबी फार थोड्या विंगांत मिळते. मग रॅम्प वळवून घ्यावा लागतो किंवा प्लॅटफॉर्म लिफ्ट लावावी लागते. लिफ्टचा आवाज येतो, त्यामुळे शांत प्रसंगात ती चालवता येत नाही आणि नटाला आधीच्या प्रवेशातच विंगेत आणून ठेवावे लागते. दाराची निव्वळ रुंदी ३२ इंच, वळायला ५ फुटांचे वर्तुळ. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीचे वजन माणसासकट २०० किलोच्या आसपास जाऊ शकते, म्हणून उभारलेल्या चौथऱ्यावर १८ मिमीचा प्लाय आणि खाली जवळजवळ आधार लागतात. फिरत्या रंगमंचाच्या कडेची फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी असली तर पुढचे छोटे चाक तीत अडकते. मंच प्रेक्षकांकडे उतरता असेल तर आडवे जाताना खुर्ची उताराकडे ओढली जाते. नटाला एक हात सतत चाकावर ठेवावा लागतो आणि अभिनयाला एकच उरतो.

ही मोजमापे क्षुल्लक वाटत असतील, तर अली स्ट्रोकर यांचे उदाहरण घ्या. २०१५ साली त्या ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रमुख व्यावसायिक रंगभूमीच्या, मंचावर आलेल्या पहिल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्री ठरल्या आणि २०१९ साली त्यांना टोनी हा तिथला मानाचा नाट्यपुरस्कार मिळाला. त्या समारंभात प्रेक्षागृहातून मंचावर जायला रॅम्प नव्हता. पुरस्कारासाठी त्यांना आधीपासून मंचामागे थांबावे लागले. त्याच्या कितीतरी आधी, १९८० साली, फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अभिनेत्रीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा टोनी मिळाला होता. गुणांची कमतरता तेव्हाही नव्हती.

पारलिंगी कलाकारांच्या बाबतीत बांधकामाचा प्रश्न कमी आणि कागदपत्रांचा जास्त. जाहिरातीत भूमिका कोणासाठी आहे हे सांगायचे, अर्जदाराने स्वतःबद्दल जे लिहिले ते मान्य करायचे आणि शरीर किंवा उपचारांबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. करारावर कागदोपत्री नाव लागते, पण ते लेखा विभागाबाहेर जाता कामा नये. तालमीचा तक्ता, ग्रीन रूमच्या दारावरची पाटी आणि श्रेयनामावलीत वापरातलेच नाव. माइकची पट्टी कोण लावणार आणि झटपट कपडेबदल कुठल्या पडद्याआड होणार, हे पहिल्या रंगीत तालमीआधी ठरते.

निवड झाली की प्रत्येक कलाकाराकडून त्याला कोणत्या सोयी लागतील याचे एक पानी सुविधापत्रक घेतो, मग तो अपंग असो वा नसो. सगळ्यांकडून घेतल्याने कोणी वेगळे पडत नाही, आणि गुडघेदुखी लपवणारे ज्येष्ठ नटही विंगेत खुर्ची मागू लागतात. या सोयींचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवायचा. तो मानधनातून वळता करणाऱ्या निर्मात्याचे काम आम्ही घेत नाही.

बदली कलाकाराचा मुद्दा सहसा शेवटी आठवतो. कर्णबधिर अभिनेत्रीची भूमिका तिच्या आजारपणात ऐकू येणाऱ्या नटीने केली, तर आधीची सगळी मेहनत त्या एका प्रयोगात पुसली जाते. म्हणून तोच अनुभव असलेला बदली कलाकार पहिल्या दिवसापासून करारावर असतो आणि तालमीत दुभाष्याच्या सोयीसकट बसतो. दौऱ्यासाठी प्रत्येक नाट्यगृहाकडून फोटो मागवतो, त्यात दार, स्वच्छतागृह आणि मंचाकडे जाणारी वाट यांच्यावर मोजपट्टी धरलेली दिसली पाहिजे. धोक्याची घंटा फक्त आवाजाची आहे की तिला दिवाही आहे, हे त्याच अर्जात विचारतो. स्वच्छतागृहात एकट्या असलेल्या कर्णबधिर नटाला घंटा ऐकू येणार नाही. मोजपट्टीचे फोटो आले नाहीत, तर त्या गावची तारीख आम्ही पक्की करू देत नाही.